हसतमुख मंडळातले दोनशे बारा विधुर

"एक खाना बदलायचा, त्यात काय एवढं!" मोतीराम फोनवर लेकीला म्हणाला. "सगळी नोकरी अंबडला सीएनसी मशीनवर काढली मी. केसाएवढा फरक पडला तरी माल भंगारात जायचा. आणि तुझ्या वेबसाइटमधला एक शब्द मला बदलता येणार नाही होय?"

"येईल हो, पप्पा," संजना पुण्याहून म्हणाली. "पण मी इथून एका मिनिटात..."

"तू तुझं ऑफिस सांभाळ. हे माझं मीच करणार."

"बरं. पण ओळ टाइप केली की एंटर मारायच्या आधी मला फोटो पाठवा."

"पाठवतो," म्हणून मोतीरामने फोन ठेवला. फोटो काही पाठवला नाही. सातपूरला रस्ता चुकून एकाच सर्कलला तीन वळसे घालील, पण पानवाल्याला पत्ता विचारणार नाही, असा हा माणूस!

पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या कॉलनीत 'हसतमुख ज्येष्ठ नागरिक मंडळ' आहे. त्याची वेबसाइट संजनाने जँगो नावाच्या फ्रेमवर्कमध्ये बांधून दिली होती. फ्रेमवर्क म्हणजे काय, असं मंडळात कुणी विचारलं की मोतीराम सांगायचा, "आरसीसीचा सांगाडा समजा. भिंती आपण घालायच्या." हे त्याला संजनानेच सांगितलं होतं, पण तो स्वतःच्या अकलेचं म्हणून सांगायचा. घरात लॅपटॉप असलेला मंडळातला तो एकटाच, म्हणून तोच मंडळाचा संगणक प्रमुख.

वेबसाइट सदस्यांचे वाढदिवस सांभाळायची, लग्नाचे वाढदिवस सांभाळायची आणि दुःखाचे प्रसंगही सांभाळायची. हे शेवटचं विशेष होतं. ज्या घरात माणूस गेलं, तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी नेऊन देतात. पण कॉलनीत कोणी न्यायची यावरून फार घोळ व्हायचे. एखाद्या घरी पाच डबे जायचे, एखाद्या घरी सगळे एकमेकांच्या भरवशावर राहायचे आणि ते घर उपाशी झोपायचं. म्हणून संजनाने सोय केली. सदस्याच्या नावापुढचा 'वैवाहिक स्थिती' हा खाना 'विधुर' किंवा 'विधवा' झाला की तासाभरात एक मेसेज त्या सदस्याला जायचा सांत्वनाचा, एक त्याच्या जवळच्या नातेवाइकाला आणि एक ज्या शेजाऱ्याची पाळी असेल त्याला, डबा नेण्याचा. मंडळाचा कारभार एकदम शिस्तीत!

आता मोतीरामचं काय झालं होतं, ते सांगतो.

त्याची मथुरा गेल्या वर्षी गेली. पुण्याला लेकीकडे असताना आजारी पडली आणि तिथल्याच दवाखान्यात गेली. पुढचं सगळं तिकडेच उरकलं. मोतीराम एकटा नाशिकला परत आला, तिचा फोन खिशात घेऊन. तो फोन तो अजून रोज चार्ज करायचा. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वेबसाइटवर मात्र त्याच्या नावापुढे 'विवाहित' तसंच राहिलं होतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, त्याने काही हात लावला नाही.

पण उद्या त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. सकाळी सात वाजता वेबसाइट आपणहून मेसेज पाठवणार होती, 'श्री. मोतीराम व सौ. मथुरा यांना लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! असेच हसत राहा!' एक मेसेज मंडळाच्या ग्रुपवर, एक त्याच्या फोनवर आणि एक तिच्या. तिचा फोन वाजलेला मोतीरामला सहन झाला नसता. म्हणून आजच्या आज तो खाना बदलायला हवा होता.

नेहमीचा सरळ रस्ता होता फॉर्मचा. तो त्याने सकाळीच करून पाहिला. 'विवाहित'चं 'विधुर' केलं, तशी खाली आणखी दोन चौकटी उघडल्या. 'पत्नीच्या निधनाची तारीख' आणि 'निधनाचे कारण'. दोन्ही भरल्याशिवाय सेव्ह होईना. मोतीराम त्या चौकटींकडे बघत बसला. चहा गार झाला. मग त्याने फॉर्म बंद केला आणि संजनाला फोन करून विचारलं, "बाकी काही न भरता तेवढा एकच खाना बदलायची काही युक्ती आहे का?"

युक्ती होती. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडायची, आपलं नाव आणि पासवर्ड देऊन आत शिरायचं आणि एक ओळ टाइप करायची. संजनाने ओळ लिहून पाठवली. ओळीचे तीन तुकडे होते. पहिला, सदस्यांचा तक्ता घे. दुसरा, त्यातला मोतीराम शोध. तिसरा, त्याची स्थिती 'विधुर' कर.

मोतीरामने पहिला तुकडा टाइप केला. दुसऱ्यापाशी थांबला. हे काय? आताच तर नाव सांगून आत आलो! कंपनीत गेटवर एकदा कार्ड पंच केलं की मशीन पुन्हा विचारतं का, बाबा तू कोण? ही पोरं उगाच लांबण लावतात. त्याने दुसरा तुकडा गाळला, तिसरा टाइप केला आणि बोट एंटरवर ठेवलं. जरा वेळ तसंच ठेवलं. मग डोळे मिटून दाबलं.

डोळे उघडले तर पडद्यावर फक्त एक आकडा. २१२.

"टोकन नंबर असेल," मोतीराम स्वतःशी म्हणाला. त्याने लॅपटॉप मिटला, गॅलरीत गेला आणि कुंडीतल्या तुळशीला पाणी घातलं. सुटलो!

पाच वाजता त्याचा फोन वाजला. 'श्री. मोतीराम, आपल्या पत्नीच्या दुःखद निधनाने आम्हांस तीव्र दुःख झाले आहे. आज घरी चूल पेटवू नये. डबा येत आहे. आपले, हसतमुख मंडळ.'

त्याने तो मेसेज दोनदा वाचला. खुर्चीवर बसला. बरोबर होता मेसेज. काही चूक नव्हती त्यात.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधून लंकाबाईचा आवाज आला. लंकाबाईचा आवाज म्हणजे गिरणीचा पट्टा. सुरू झाला की मजला हलतो.

"काय म्हनलं? मी मेले?"

"अगं, मी नाय म्हनत," तिचा नवरा बहिरू म्हणाला. "मंडळ म्हनतंय."

"मंडळाच्या तोंडात माती! मी इथं मेथी निवडते हाय ना?"

"हायेस की. मला दिसतेस. चुकून आला असंल मेसेज." बहिरू थांबला. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "अगं, पन हा दुसरा बघ. खाली कादरभाईची बायको गेली. डबा न्यायची पाळी आपली हाय."

"जुलेखा? अरे देवा! हा बी चुकून आला असंल."

"दोन-दोन चुका कशा व्हतील? आपला चुकलाय. तो खरा असनार. परवा खोकत होती ती."

"लय खोकत होती रे," लंकाबाई म्हणाली आणि लगेच डब्यातून बेसन काढल्याचा आवाज आला.

दोनशे बारा! मंडळाचे सदस्य किती? परवाच सहलीच्या वेळी त्यानेच यादी छापली होती, दोनशे बारा नावांची. त्याने संजनाला फोन लावला.

"संजना, टोकन नंबर दोनशे बारा आलाय."

"कसला टोकन नंबर?"

"ती ओळ टाइप केल्यावर आला."

पलीकडे संजनाच्या कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला.

"पप्पा, तुमचं नाव टाकलं होतं ना ओळीत?"

"मी नाव सांगूनच आत शिरलो होतो की! पासवर्डसकट!"

"अहो पप्पा! तुम्ही सगळ्यांना विधुर केलंत!"

"सगळ्यांना?"

"बायकांनासुद्धा!"

"मग आता? ह्यांना जिवंत कसं करायचं?"

"काल रात्रीचा बॅकअप आहे, तो चढवते. दोन तास लागतील. तोवर तुम्ही लोकांना थांबवा. आणि पप्पा, लॅपटॉपला हात लावू नका!"

मोतीराम चप्पल न घालताच जिना उतरला.

खाली कादरभाईच्या दारात जुलेखाभाभी स्वतःच उभी होती. देवळाली कॅम्पात कादरभाईचं शिवणकामाचं दुकान होतं. जवानांच्या वर्दीवरची बटणं लावून लावून भाभीची नजर सुईसारखी झाली होती. तिने मोतीरामपुढे फोन धरला.

"मोतीरामभाई, हे काय? 'श्रीमती जुलेखा, आपल्या पत्नीच्या निधनाने...' मला पत्नी कधी होती?"

"भाभी, चूक झाली. तुम्ही काळजी करू नका. कुणीही मेलेलं नाही."

"अरे, असं कसं म्हणता? शेखरभाऊंची बायको वारली ना. आम्हाला डबा न्यायला सांगितलंय." आतून फोडणीचा वास येत होता. कादरभाई डोक्यावर टोपी ठीक करत बाहेर आला.

"कादरभाई, शेखरचं लग्नच झालेलं नाही!" मोतीराम जवळजवळ ओरडला.

कादरभाईने मान हलवली. "तेच मी हिला म्हणालो. म्हणजे बिचाऱ्याने गुपचूप केलं असणार. आणि आता हे असं! कुणाला सांगणार तो?"

"काही केलेलं नाही त्याने! कुणी मेलेलं नाही! सगळ्या बायका जिवंत आहेत!"

कादरभाईने मोतीरामच्या खांद्यावर हात ठेवला. भाभीचे डोळे भरून आले. "मोतीरामभाई," ती म्हणाली, "बसा जरा. पाणी देते. मथुराभाभींचं दुःख तुमच्या डोक्यातून गेलं नाही अजून."

आता काय करायचं? मोतीराम तसाच बाहेर पळाला. कॉलनीच्या रस्त्यावर आला आणि बघतो तर काय! घराघरातून डबे निघाले होते. स्टीलचे डबे, प्लॅस्टिकचे डबे, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. सगळे मान खाली घालून, हळू चालत, एकमेकांच्या घरी निघालेले. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याकडचा मेसेज चुकून आलाय आणि समोरच्याकडचा खरा आहे. दार वाजलं की दार उघडायला मेलेली बाई यायची आणि डबा धरलेला माणूस किंचाळायचा. अख्खी कॉलनी बाजारातल्या हरभऱ्याच्या भट्टीसारखी तडतडत होती.

"थांबा!" मोतीराम चौकात उभा राहून ओरडला. "कुणीही मेलेलं नाही!"

लोक थांबले. त्यांनी त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. एकमेकांकडे पाहिलं.

"बघा हो बिचारा," कुणीतरी म्हणालं. "अजून मान्यच करत नाही."

"लेकीला कळवा कुणीतरी."

समोरून शेखर आला. बँकेतून निवृत्त झालेला, जन्माचा ब्रह्मचारी, इस्त्रीची घडी न मोडलेला माणूस. त्याच्या हातात चिवड्याचा पुडा होता.

"मोतीराम, बरं झालं भेटलास. बहिरूकडे चाललोय. लंकावहिनी गेल्या ना. मला पिठलं येत नाही, म्हणून चिवडा घेतला. चालतो का रे चिवडा अशा वेळी? कांदा-लिंबू नाही टाकलेलं."

"शेखर, तुला स्वतःला काय मेसेज आलाय, तो बघितलास?"

"बघितला ना." शेखर ओशाळला. "मला मुळी माहितीच नव्हतं की मला बायको होती. पण एवढ्यात चार जण भेटायला येऊन गेले. फार बरं बोलले सगळे."

असा तासभर घोळ चालला आणि कॉलनीच्या फाटकात एक जीप करकचून थांबली. जवळच्या नातेवाइकांना जाणारा मेसेज घोटीला पोचला होता! लंकाबाईचा भाऊ यादव अख्खं कुटुंब घालून आला होता. गावाकडची रीतच आहे, गल्लीच्या तोंडापासून गळा काढत यायचं. जीपमधून उतरल्या उतरल्या बायकांनी तो काढला.

"अगं माझ्या लंकाताईऽऽ! न सांगता कुठं गेलीस गंऽऽ!"

"इथंच हाय मी!" वरच्या गॅलरीतून लंकाबाई गरजली. तिच्या हातात पिठल्याचा चमचा होता. "काय लावलंय रे यादव?"

यादवने वर पाहिलं आणि जीपच्या बॉनेटवर बसला. बायका मात्र पटकन थांबू शकल्या नाहीत. एवढ्या लांबून धरलेला सूर, ब्रेक लागायला वेळ लागतोच! "कुठं गेलीस गंऽऽ... अगं ही तर... हाय की गंऽऽ!" असं करत करत त्या थांबल्या. मग यादव बहिरूकडे वळला. बहिरू नुकताच डबा घेऊन जिन्यावरून खाली आला होता.

"दाजी! पेरणी सोडून आलोय मी! ही काय चेष्टा हाय?"

"मी काय केलं?" बहिरू म्हणाला. "मला बी आत्ताच कळलं, ही मेली म्हनून."

लंकाबाई चमच्यासकट खाली आली. कादरभाई आला, जुलेखाभाभी आली. डबे घेतलेले सगळे गोळा झाले आणि तेव्हा कुठं एकमेकांचे मेसेज एकमेकांना दाखवले गेले. हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. संगणक प्रमुखाच्या दिशेला.

"मोतीभाऊ," लंकाबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता आणि तो ओरडण्यापेक्षा भयंकर होता. "मला मारून तुमाला काय मिळालं?"

"वहिनी, मी तुमच्या खान्याला हात लावत नव्हतो. मी फक्त माझा बदलत होतो."

"कसला खाना?"

मोतीरामने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "उद्या आमच्या लग्नाचा वाढदिवस. सकाळी सातला मेसेज गेला असता, सौभाग्यवती मथुरा म्हणून. तिच्या फोनवर. मला तो वाजू द्यायचा नव्हता. फॉर्ममध्ये तारीख विचारतात. ती लिहायला हात होईना. म्हणून आडवाटेने गेलो आणि तुम्हा सगळ्यांना मारून बसलो."

यादवने डोक्यावरची टोपी काढली.

लंकाबाईने पदराने नाक पुसलं. मग तिने रस्त्यावर मांडलेले डबे पाहिले. "एवढं पिठलं आता कोन खाईल?" ती म्हणाली. "मथुराताई गेली ती पुण्याला. आपन कुनीबी डबा नाय नेला तिच्या घरी. चला, उचला!"

आणि सगळी वरात जिना चढून मोतीरामच्या घरात शिरली. सोफ्यावर यादवचं कुटुंब, पलंगावर कादरभाई आणि भाभी, जमिनीवर उरलेले. सतरा प्रकारचं पिठलं! घट्ट, पातळ, लसणाचं, मिरचीचं. जुलेखाभाभीने कोथिंबीर घालून केलेलं सगळ्यांत आधी संपलं. शेखरचा चिवडा पोरांनी संपवला. वर्षभरात त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. बोलता बोलता मथुराचा विषय निघाला. ती भाजीवाल्याशी कशी भांडायची, तिने मंडळाच्या सहलीत ड्रायव्हरला कसं झापलं, लंकाबाई नक्कल करून दाखवत होती आणि मोतीराम तोंडात घास ठेवून हसत होता.

मग संजनाचा फोन आला. बॅकअप चढला होता. पाठोपाठ सगळ्यांचे फोन वाजले. 'तांत्रिक चुकीबद्दल दिलगिरी. सर्व सदस्यांच्या पत्नी सुखरूप आहेत. आपले, हसतमुख मंडळ.'

"हे तरी नक्की ना?" बहिरूने बायकोकडे निरखून बघत विचारलं. तिने त्याला चमचा मारला. नक्की होतं.

"पप्पा," संजना फोनवर म्हणाली, "तुमचंही परत 'विवाहित' झालंय. मी बदलू का?"

"नको," मोतीराम म्हणाला. त्याने लॅपटॉप उघडला. फॉर्म उघडला. 'विधुर' केलं. दोन चौकटी उघडल्या. पहिलीत त्याने तारीख लिहिली. दुसरीत कारण लिहायचं होतं. थोडा विचार करून त्याने लिहिलं, 'बरं नव्हतं तिला.' आणि सेव्ह केलं.

लगेच बहिरूचा फोन वाजला. या खेपेला संजनाने तासाभराची वाट बघितली नव्हती. बहिरूने मेसेज वाचला. मोतीरामच्या घरी डबा नेण्याची पाळी त्याची होती. त्याने तोंडातली भाकरी गिळली आणि अंगठ्याने सावकाश टाइप करून पाठवलं, 'पोचवला.'

जाताना शेखर दारात रेंगाळला. "मोतीराम, माझं परत अविवाहित झालं असेल ना? ते विधुरच राहू दिलं असतंस तर! अविवाहित म्हटलं की लोक विचारतात, का नाही केलं. विधुर म्हटलं की बसा म्हणतात."

"जा रे घरी!" मोतीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर उठला. पिठल्याने पोट भरलं होतं पण जीव विटला होता. म्हणून त्याने कुकरमध्ये साधा भात लावला आणि दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवून समोर बसला.

सात वाजले. मथुराचा फोन गप्प राहिला. सात वाजून गेले, तरी गप्प. मोतीरामने श्वास सोडला. आणि टिंग! त्याचा फोन वाजला.

'श्री. मोतीराम, मंडळाच्या विधुर सदस्यांसाठीच्या स्वयंपाक वर्गात आपले नाव नोंदवले आहे. शिकवणार, लंकाबाई. येताना स्वतःची विळी आणावी. भांडी स्वतः घासावी लागतील.'

त्याने तत्काळ संजनाला उठवलं. "हे काय आहे? मी कुठं नाव दिलं होतं?"

"ते आपोआप जातं, पप्पा. खाना बदलला की दुसऱ्या दिवशी." ती जांभई देत हसली. "आईनंच घालायला लावलं होतं मला, वेबसाइट बनवताना. म्हणाली, आधी मी गेले तर या माणसाचं कसं व्हायचं!"

मोतीरामने मथुराचा फोन टेबलावर सरळ करून ठेवला. मग म्हणाला, "मला काय स्वयंपाक येत नाही? खिचडी येते, भात येतो..."

"हे तिला म्हटलं होतं मी. तर म्हणाली, तुझ्या बापाला कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या मोजता येतात. खाली पाणी कोण घालतं, ते त्याला माहीत नाही."

मोतीरामने मान वळवून गॅसकडे पाहिलं. कुकरने अजून एकही शिट्टी दिली नव्हती. आणि करपल्याचा वास मघापासून येत होता.